ढवळायचं किती? टायटॅनियम-ॲल्युमिनियमच्या जोडावर वाचकांची पत्रं

गेल्या अंकातल्या उत्तरात मी ओघात लिहून गेले होते की, टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम यांचा जोड हा माझ्या कामाचा सगळ्यात जास्त वर्षं घेणारा भाग होता. त्यावर पत्रं आली, अपेक्षेपेक्षा पुष्कळ. त्यातली सहा इथे घेतली आहेत, मुद्द्यापुरती कापून. मी सत्तावीस वर्षं वेल्डिंगच्या प्रयोगशाळेत होते, शेवटची अकरा बहुतेक याच एका जोडामागे. तेव्हाच्या वह्या समोर ठेवूनच उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न : टायटॅनियम १६६८ अंश सेल्सिअसला वितळतं आणि ॲल्युमिनियम ६६० ला. एवढा फरक असल्यामुळे त्यांचं नेहमीचं वेल्डिंग होत नाही, असं वर्गात शिकवलं. पण आर्क (धातू वितळवणारी विजेची ज्योत) फक्त टायटॅनियमवर धरली आणि ॲल्युमिनियमला त्याच्या उष्णतेनं वितळू दिलं, तर काय बिघडेल?
— पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

वितळबिंदूंतला फरक ही अडचण खरीच, पण मुख्य अडचण ती नाही. एक उदाहरण घे. मॅग्नेशियम ६५० अंशांना वितळतं, ॲल्युमिनियम ६६० ला. फरक फक्त दहा अंशांचा. तरीही हे दोन धातू एकत्र वितळवून जोडले तर जोड ठिसूळ होतो, कधी हातानंही मोडतो. म्हणजे गोम वेगळीच आहे.

दोन्ही धातू द्रवरूपात एकमेकांत मिसळले की, थंड होताना त्यांचे अणू ठरावीक प्रमाणात बांधले जातात आणि तिसराच पदार्थ तयार होतो. शॉपवर सगळे त्याला इंटरमेटॅलिक म्हणतात, मीही तेच म्हणेन. टायटॅनियम-ॲल्युमिनियमच्या जोडीत टायटॅनियमच्या एका अणूला ॲल्युमिनियमचे तीन, एकाला एक, तीनाला एक, असे त्याचे प्रकार होतात. साध्या धातूत अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकतात, म्हणून धातू वाकतो. इंटरमेटॅलिकमध्ये कोणत्या अणूशेजारी कोणता अणू बसणार हे पक्कं ठरलेलं असतं. थर सरकला की तो शेजार मोडतो, म्हणून तो सहज सरकत नाही. ताण वाढत जातो आणि वाकण्याऐवजी पदार्थ तडकतो. या पदार्थांना टाकाऊ मात्र समजू नकोस. एकास एक प्रमाणाचं टायटॅनियम ॲल्युमिनाइड जीईएनएक्स या विमान-इंजिनाच्या टर्बाइनमधल्या पात्यांना वापरलं आहे, कारण ते हलकं असून तापल्यावरही टिकतं. तिथे ते मुद्दाम, काळजीपूर्वक घडवलेलं असतं. आपल्या जोडात ते नको त्या जागी, नको तेवढं येऊन बसतं.

आता तुझी युक्ती. टायटॅनियम वितळेपर्यंत त्याच्या कडेचं ॲल्युमिनियम आपल्या वितळबिंदूच्या शेकडो अंश वर गेलेलं असेल, पाण्यासारखं पातळ, आणि त्यात टायटॅनियम भराभर विरघळेल. दोन सेकंदांत जाडच्या जाड थर तयार.

वर आकुंचन आहेच. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर आकसतं, टायटॅनियम साधारण ८.६. जोडालगतची दहा सेंटिमीटरची पट्टी ५०० अंशांनी थंड झाली तर एक बाजू १.१५ मिलिमीटर आखडू पाहते आणि दुसरी जेमतेम ०.४३. मधे तो ठिसूळ थर. आमच्याकडे अगदी सुरुवातीला टिगनं, म्हणजे टंगस्टनच्या टोकाच्या आर्कनं, असा एक तुकडा केला होता. वरून मणी, म्हणजे गोठलेल्या वेल्डची रेघ, सुंदर दिसत होता. क्लॅम्प सैल करायला मी पाना लावला आणि अर्ध्या फेऱ्यातच बारीक ‘टिक्’ असा आवाज आला. प्लेट उचलली तर दोन्ही तुकडे वेगळे. तुटलेला पृष्ठभाग राखाडी, चकाकणारा, खडीसाखर फोडल्यासारखा. तो तुकडा मी पुढे कितीतरी वर्षं टेबलाच्या खणात ठेवला होता.

प्रश्न : माझ्याकडे घर्षण-ढवळ वेल्डिंगचं मशीन आहे. ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम रोज जोडतो. परवा ३ मिमी जाडीची टायटॅनियमची पट्टी ॲल्युमिनियमला जोडायला घेतली. टूल नेहमीचंच, हॉट डाय स्टीलचं. पिन बरोबर जोडाच्या रेषेवर उतरवली. चार सेंटिमीटर गेली आणि मोडली. टंगस्टन कार्बाइडची पिन घेतली तर काम होईल का?
— वर्कशॉप चालवणारे वाचक

पिन कदाचित टिकेल. जोड होणार नाही. हे मी अनुभवानं सांगते, कारण आम्ही आधी नेमकं तेच केलं होतं.

या प्रक्रियेच्या नावातच ‘ढवळणं’ आहे आणि त्यानंच आपली दिशाभूल होते. ज्या वाचकांनी हे मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं : फिरणाऱ्या टूलला खाली बारीक पिन असते आणि वर रुंद खांदा, ज्याला आपण शोल्डर म्हणतो. पिन दोन प्लेटींच्या सांध्यात घुसते, शोल्डर वरून दाबतो, घर्षणानं धातू न वितळता लोण्यासारखा मऊ होतो आणि टूल पुढे सरकताना मागे तो मळून एकजीव होतो. ही पद्धत १९९१ मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या संस्थेत वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली, आणि ती आधी ॲल्युमिनियमवरच रुजली.

ॲल्युमिनियम असं मळायला ४०० ते ५०० अंश लागतात. टायटॅनियम तसं मऊ व्हायला हजाराच्या आसपास जावं लागतं. म्हणजे टायटॅनियम मळण्याजोगं होईल तेव्हा ॲल्युमिनियम कधीच वितळून वाहून गेलेलं असेल, आणि ॲल्युमिनियम मळण्याजोगं असेल तेव्हा टायटॅनियम कणखर उभं असेल. दोघांना एकाच वेळी ढवळता येईल असं एकही तापमान नाही. तुमची पिन ५०० अंशांच्या जवळपास टायटॅनियम ढवळायला निघाली होती. म्हणून मोडली.

तेव्हा ढवळायचं फक्त ॲल्युमिनियम. टायटॅनियमला नुसतं घासायचं. हे मला उमगायला दीड वर्ष गेलं, आणि उमगल्यावर बाकीची गणितं आपोआप सुटत गेली.

पिन रेषेवर न उतरवता ॲल्युमिनियमच्या बाजूला सरकवा, इतकी की तिची कड टायटॅनियममध्ये दोन-तीन दशांश मिलिमीटरच शिरेल. त्या कडेचं काम एकच : टायटॅनियमच्या अंगावरची ऑक्साइडची साय खरवडायची आणि खालचा ताजा, उघडा धातू मोकळा करायचा. त्याच क्षणी शोल्डरखाली दाबलेलं मऊ ॲल्युमिनियम त्यावर येऊन बसलं पाहिजे. जास्त आत शिरलात तर टायटॅनियमचे तुकडे उखडून ॲल्युमिनियममध्ये पसरतात, आणि छेद घेतल्यावर ते शिऱ्यात राहिलेल्या गुठळ्यांसारखे दिसतात. प्रत्येक तुकड्याभोवती ठिसूळ साल, आणि भेग तिथूनच सुरू होते. शिरलाच नाहीत तर साय शाबूत राहते आणि ॲल्युमिनियम तिला नुसतं टेकून बसतं. या दोहोंमधली जागा खरोखर एवढीशीच आहे. मशीनवर आकडा घातला म्हणजे पिन तिथेच चालते असंही नाही. दाबानं स्पिंडल जरासं हलतं, प्लेट तापून सरकते. पहिल्या पट्टीचा आडवा छेद घ्या आणि खरा अंतर्भाव किती झाला ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. आमच्या मशीनवर घातलेल्या आणि मिळालेल्या आकड्यांत ०.१५ मिमीचा फरक निघायचा. इथे तोच सगळा खेळ बिघडवतो.

टायटॅनियम कोणत्या बाजूला ठेवायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. वरून पाहताना टूल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल आणि तुमच्यापासून दूर चाललं असेल, तर डावीकडे टूलचा पृष्ठभाग प्रवासाच्याच दिशेनं जातो. टायटॅनियम त्या डाव्या बाजूला ठेवा. पिनसमोरचं ॲल्युमिनियम उजवीकडून वळसा घालून मागे येतं आणि नुकत्याच खरवडलेल्या टायटॅनियमच्या भिंतीवर दाबलं जातं. बाजू उलटी केली तर टायटॅनियमचेच कण ओढत न्यावे लागतात, मागे पोकळी राहते, आणि आत बोगदा असलेला पण वरून गुळगुळीत जोड हाती येतो.

आता टूल. पिन टायटॅनियमला स्पर्श करणार असेल तर स्टीलची नको. तापलेलं टायटॅनियम तिला चिकटतं आणि ओरबाडतं. टंगस्टन कार्बाइड-कोबाल्ट चालेल, पण ती ठिसूळ असते, म्हणून प्लेटमध्ये उतरताना घाई करू नका आणि पुढे सरकण्याआधी काही सेकंद जागेवर फिरू द्या. आवर्तनं बेताची ठेवा. शॉपवर सगळ्यांचा कल ‘धातू हलत नाही, आरपीएम वाढव’ असा असतो. इथे आरपीएम वाढवणं म्हणजे पुढच्या पत्रातल्या थराला खतपाणी घालणं.

स्वच्छतेचं एक. दोन्ही कडा जोडायच्या थोड्याच वेळ आधी स्टेनलेसच्या ब्रशनं घासा. दोन धातूंना दोन वेगळे ब्रश. तेल काढायला ॲसिटोन वापरा. क्लोरिनयुक्त सॉल्व्हेंट टायटॅनियमला लावू नका, त्याचा अंश राहून धातू पुढे तापला तर भेगा पडू शकतात. आणि टायटॅनियमच्या बाजूला आर्गॉन सोडा. जोड झाल्यावर त्याचा रंग पाहा : चांदीसारखा किंवा फिकट गवती असेल तर ठीक, निळा दिसला तर हवा लागली असं समजा.

प्रश्न : तुम्ही इंटरमेटॅलिकला ठिसूळ म्हणता. मग तो थर शून्य करणं हेच उद्दिष्ट असायला नको का? शिवाय तांबं-ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम या जोड्यांपेक्षा टायटॅनियमची जोडी जास्त अवघड आहे का?
— धातुशास्त्राचे अध्यापक

सर, थर शून्य दिसला की मी उलट घाबरायचे. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सीमारेषा अगदी कोरी, धारदार दिसत असेल तर दोन शक्यता असतात. थर आहे, पण एक मायक्रोमीटरहून पातळ असल्यानं दिसत नाही. किंवा थर नाहीच, कारण मधे ऑक्साइडची साय राहिली आहे आणि दोन धातू नुसते एकमेकांना टेकले आहेत. पहिला जोड उत्तम आणि दुसरा निकामी, आणि फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. अणूंची देवाणघेवाण झाली याची खूण म्हणून थोडा थर हवाच, पण अखंड, पातळ आणि जमल्यास एका मायक्रोमीटरच्या आतबाहेर. केसाची जाडी साधारण ७० मायक्रोमीटर धरली तर केवढी बारीक गोष्ट आपण सांभाळतो आहोत ते विद्यार्थ्यांना सांगता येईल. थर काही मायक्रोमीटरचा झाला की भेग त्यातूनच धावू लागते.

थराची वाढ वेळेच्या वर्गमुळाच्या हिशेबानं होते, पण तापमानाच्या बाबतीत घातांकी. म्हणून टूल थोडं जास्त वेगानं पुढे नेण्यापेक्षा कमाल तापमान वीस-तीस अंशांनी उतरवलं तर जास्त हाती लागतं. ॲल्युमिनियम भरपूर आणि टायटॅनियम थोडं अशा सीमेवर आधी एकास तीनचा प्रकार जन्मतो, इतरांना फारशी संधीच मिळत नाही. मिश्रधातूतलं सिलिकॉनही मदतीला येतं. पोलादाला वितळलेल्या ॲल्युमिनियमचा लेप देणारे लोक त्यात काही टक्के सिलिकॉन घालतात, त्याचं एक कारण हेच की, लोखंड-ॲल्युमिनियमचा ठिसूळ थर त्यानं आवरला जातो. टायटॅनियमच्या सीमेवरही सिलिकॉन गोळा होतं आणि वाढ रोखतं, म्हणून शुद्ध ॲल्युमिनियमपेक्षा सिलिकॉन असलेले मिश्रधातू मला नेहमी सोपे गेले.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. वितळबिंदूंत हजार अंशांचं अंतर असूनही टायटॅनियमची जोडी एका बाबतीत जास्त सोशिक आहे. तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ५४८ अंशांनाच द्रव तयार होतो. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियममध्ये तर ४३७ आणि ४५० अंशांना. घर्षणानं मळताना तेवढं तापमान सहज गाठलं जातं. आपण समजतो जोड घनरूपात चालला आहे, आणि सीमेवर मात्र पातळ द्रव पाझरत असतो. तो गोठला की इंटरमेटॅलिकची जाळी, शिवाय गोठतानाच्या भेगा. टायटॅनियम-ॲल्युमिनियमच्या प्रावस्था-आकृतीत (कोणत्या प्रमाणाचं मिश्रण कोणत्या तापमानाला घन की द्रव ते दाखवणारा आलेख) ॲल्युमिनियमच्या टोकाला अशी खोल खाच नाही. तिथली घडामोड ६६५ अंशांना होते, शुद्ध ॲल्युमिनियमच्या वितळबिंदूच्या किंचित वर. म्हणजे ॲल्युमिनियम घनरूपात ठेवलंत तर सीमा नकळत वितळण्याची भीती नाही. वितळबिंदूंतला जो फरक पहिल्या पत्रातल्या विद्यार्थिनीला अडचण म्हणून शिकवला गेला, तोच इथे आपल्या बाजूनं उभा राहतो : टायटॅनियम भिंतीसारखं जागचं हलत नाही, मिसळायला येत नाही, म्हणून सीमा स्वच्छ राखता येते. या एका मुद्द्यासाठी या तिन्ही जोड्यांच्या प्रावस्था-आकृत्या फळ्यावर शेजारी शेजारी काढून दाखवाव्यात, असं मला फार वाटतं.

प्रश्न : आमचा नमुना ताणपरीक्षेत जोडावर तुटला नाही, जोडापासून काही मिलिमीटर दूर ॲल्युमिनियममध्ये तुटला. ॲल्युमिनियम ६०६१-टी६ आहे. आमचे वरिष्ठ म्हणतात, वेल्ड निकृष्ट आहे कारण मूळ पत्र्याची ताकद मिळाली नाही. मला वाटतं, जोड चांगला आहे. बरोबर कोण?
— गुणवत्ता विभागातले वाचक

तुम्ही दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहात. ६०६१ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आणि टी६ ही त्याची उष्णतेनं कडक केलेली अवस्था. ६०६१-टी६ ची ताणशक्ती साधारण ३१० मेगापास्कल असते, आणि तिचा मोठा भाग मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो. हे कण भट्टीत तास न् तास ठेवून मुद्दाम वाढवलेले असतात. वेल्डिंगच्या उष्णतेत ते काही ठिकाणी विरघळतात, काही ठिकाणी नको तेवढे मोठे होतात. म्हणून टूलच्या बाजूला ॲल्युमिनियमचा एक पट्टा मऊ पडतो. हे ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम जोडलं तरी होतंच. तुमचा नमुना त्या मऊ पट्ट्यात तुटला, म्हणजे दोन धातूंमधली सीमा त्या पट्ट्यापेक्षा मजबूत निघाली. सीमेकडून त्याहून जास्त मागता येत नाही. वरिष्ठांना हवी ती पूर्ण ताकद मात्र खरंच मिळालेली नाही, आणि आरेखन करताना आकडा मऊ पट्ट्याचाच धरायला हवा.

कोणी सुचवेल की पुन्हा ५३० अंशांना नेऊन, पाण्यात विझवून टी६ परत आणू. कृपया तसं करू नका. त्या तापमानात सीमेवरचा थर वाढेल, आणि विझवताना दोघांच्या वेगवेगळ्या आकुंचनाचा झटका थेट त्याच थरावर बसेल. फार तर १७५ अंशांच्या आसपास काही तास ठेवून पाहा. जिथे कण विरघळले होते तिथे थोडी ताकद परत येते आणि एवढ्या कमी तापमानात थर जवळपास जागचा हलत नाही.

एका परीक्षेवर मात्र विसंबू नका. माझ्या वहीत एका तुकडीची नोंद आहे : पाच नमुने, पाचही ॲल्युमिनियममध्ये तुटले, आम्ही खूश. त्याच प्लेटच्या शिल्लक पट्ट्या वाकवून पाहिल्या, जोडाच्या बुडाची बाजू बाहेर ठेवून, तर दोन पट्ट्या बुडापासून उलगडल्या. पिनच्या टोकाखालचा पाव मिलिमीटर भाग जोडलाच गेला नव्हता, नुसता टेकून होता. याला आमच्या क्षेत्रात किसिंग बाँड म्हणतात. एक्स-रेला तो दिसत नाही, कारण मधे पोकळीच नसते. ताणपरीक्षेत मऊ पट्टा आधी ताणला जातो आणि हा दोष नजरेतून निसटतो. बेंड टेस्ट त्याला पकडते. त्या दिवसानंतर वाकवून पाहिल्याशिवाय मी एकाही जोडाच्या अहवालावर सही केली नाही.

प्रश्न : असे विजातीय जोड प्रत्यक्ष कुठे वापरले आहेत का? आणि दोन धातू एकत्र असल्यानं गंजत नाहीत का?
— नियमित वाचक

प्रत्यक्ष उत्पादनात आधी पोलाद-ॲल्युमिनियमची जोडी पोहोचली. होंडानं २०१३ च्या अकॉर्ड गाडीच्या पुढच्या सबफ्रेममध्ये पोलाद आणि ॲल्युमिनियम याच घर्षण-ढवळ पद्धतीनं सलग जोडले. टायटॅनियम-ॲल्युमिनियमचा ओढा विमान आणि अवकाश क्षेत्राकडून आहे, कारण जिथे तापतं किंवा जास्त ताण येतो तेवढ्याच जागी टायटॅनियम ठेवून बाकी भाग ॲल्युमिनियमचा करता आला तर वजन वाचतं : घनता ४.५ विरुद्ध २.७. रिव्हेटही लावता येतात, पण प्रत्येक भोक म्हणजे भेगेची जागा.

गंजाचं म्हणाल तर ओलाव्यात, विशेषतः खाऱ्या, ही जोडी विजेच्या घटासारखी वागते आणि झीज ॲल्युमिनियमची होते. टायटॅनियमचा उघडा भाग जितका मोठा तितकी ती वेगानं होते. म्हणून रंग किंवा लेप दोघांवर द्या, आणि एकावरच देणं शक्य असेल तर टायटॅनियमवर द्या. लोक बरोबर उलटं करतात. ॲल्युमिनियम रंगवतात, रंगाला एखादा ओरखडा पडतो आणि मग सगळी झीज त्या एका बारीक ओरखड्यात खोल उतरते.

प्रश्न : मी पहिल्यांदाच अशा जोडाचा छेद सूक्ष्मदर्शकासाठी तयार करते आहे. सीमारेषेपाशी नेहमी काळी पट्टी दिसते. हाच इंटरमेटॅलिकचा थर का? आणि एचिंगला (आम्लानं पृष्ठभाग किंचित खाऊन रचना उघडी करायला) काय वापरू?
— संशोधन करणारी विद्यार्थिनी

बहुतेक ती सावली आहे. ॲल्युमिनियम मऊ, टायटॅनियम कठीण. एकाच कापडावर घासलं की ॲल्युमिनियम जास्त झिजतं आणि सीमेवर पायरी तयार होते. पायरीची सावली थरासारखी दिसते. मी स्वतः सुरुवातीला अशी पायरी चार मायक्रोमीटरचा थर म्हणून मोजली होती आणि ते आकडे आलेखात मांडलेसुद्धा होते. चूक लक्षात आल्यावर सगळे छेद पुन्हा केले, तीन आठवडे गेले. ओळखायची खूण अशी : फोकस किंचित वरखाली कर. पट्टी रुंद-अरुंद होत असेल किंवा बाजू बदलत असेल तर ती पायरी आहे. खरा थर जागेवर राहतो. तरी खात्री हवी असेल तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रचना तपासून घे.

पायरी टाळायला नमुना कडक राळेत बसव, शेवटपर्यंत कमी केसाळ कापड वापर, दाब हलका ठेव, आणि अखेरचं पॉलिश कोलॉयडल सिलिकानं (सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांच्या द्रवानं) कर. वेळ लागतो, लागू दे. घासताना मधून मधून नमुना अर्धा फिरव, नाहीतर टायटॅनियमचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तू त्यांना वेल्डिंगमध्ये उखडलेले तुकडे समजशील.

थर मोजायला शक्यतो एचिंग न करताच फोटो घे. नंतर कणरचना पाहायची असेल तर ॲल्युमिनियमला केलरचं आणि टायटॅनियमला क्रोलचं द्रावण लागतं, आणि एक दुसऱ्याच्या बाजूला खातं, म्हणून दोन्हींसाठी वेगळे छेद ठेव. या दोन्ही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, हे तुला कोणी नीट सांगितलं आहे की नाही ठाऊक नाही, म्हणून मी सांगते. सौम्य द्रावण त्वचेला लागलं तर लगेच आग होईलच असं नाही. दुखायला काही तासांनी लागतं, आणि तोवर ते आत हाडापर्यंत पोहोचू शकतं. फ्यूम हूडमध्ये काम कर, योग्य हातमोजे आणि चेहऱ्याला ढाल वापर, एकटी असताना करू नकोस. काचेचं भांडं घेऊ नकोस, हे आम्ल काच खातं, प्लास्टिकचं घे. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल टेबलावरच, झाकण उघडता येईल अशी ठेव, आणि तिची मुदत संपलेली नाही ना ते आधी बघ. थेंब उडाला तर आधी भरपूर पाण्यानं धू, मग जेल चोळत राहा आणि दुखत नसलं तरी डॉक्टरकडे जा. जाताना आम्लाचं नाव कागदावर लिहून सोबत ने.